उजवीकडचे प्रश्न

"काका, दुखायला लागलं कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि बाबांनी उत्तर द्यायच्या आधी तिच्याकडे, शेजारी बसलेल्या मुलीकडे, पाहिलं. झालं ते एवढंच. पंखा फिरत होता, टेबलावरच्या कागदांवर काचेचा गोळा ठेवलेला होता, बाबांच्या शर्टाचं वरचं बटण तपासणीनंतर लावायचं राहून गेलं होतं, आणि त्यांनी मान वळवून क्षणभर तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं तिच्या ओळखीचं होतं. ती कॉलेजात निबंधलेखन शिकवायची. तोंडी परीक्षेला बसलेली मुलं बोलायच्या आधी समोरच्याचा चेहरा अशीच चाचपून घेतात, की आपण म्हणतोय ते खपेल की इथेच अडवतील. मुलांच्या बाबतीत तिला त्याचं काही वाटत नसे, उलट मनातल्या मनात थोडी गंमतच वाटे. पण हे ऐंशीकडे झुकलेले बाबा होते, आणि पोट त्यांचं दुखत होतं.

"नक्की सांगता नाही येणार," बाबा म्हणाले.

"नक्की कशाला? अंदाजे सांगा."

"अंदाज चुकला तर?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "चुकू दे की. मी काय मार्क कापणार आहे?"

बाबाही हसले, तीही हसली, आणि उत्तर राहिलं ते राहिलंच. मग नर्स त्यांना वजन करायला बाहेर घेऊन गेली आणि दार लोटल्यावर डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला. गाठ पसरली आहे, म्हणाल्या. या वयात, इतक्या पसरल्यावर, ऑपरेशन करून काही साधणार नाही. दुखणं कमी ठेवता येईल तेवढं ठेवू. वर्षभर तरी त्यांनी हे अंगावर काढलेलं दिसतंय. "कशावरून?" तिने विचारलं. तिचं तिलाच ऐकू आलं. डॉक्टरीणबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही, घाबरलेली माणसं काहीही विचारतात. त्यांनी स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरून पेनाच्या टोकाने दाखवलं, हे बघा, हे एवढं व्हायला वेळ लागतो. ती बघत राहिली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती मान डोलवत होती. "तुम्हाला काहीच बोलले नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "घरात दोघंच ना तुम्ही?" हो, म्हणाली ती, दोघंच. आणि मग तिला पर्सची चेन उघडावीशी वाटली, म्हणून तिने ती उघडली आणि परत लावली.

टॅक्सीत बाबा खिडकीकडे बसले. दुकानं मागे जात होती, दुपारची उन्हं त्यांच्या गुडघ्यावर येत होती आणि निघून जात होती. तिने ठरवलं होतं की आता काही विचारायचं नाही, घरी गेल्यावर बघू, आणि पहिल्याच सिग्नलला तिने विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो," बाबा म्हणाले. "म्हटलं, आधी आपली खात्री करून घ्यावी. कधी इथे दुखायचं, कधी तिथे. जेवल्यावर दुखलं की वाटायचं, जेवणाने असेल. मग उपाशी राहून पाहिलं, तरी दुखलं. मग म्हटलं, उपाशी राहिल्याने असेल. तुला सांगायचं म्हणजे नीट सांगायला हवं ना? तू विचारलं असतंस."

आवाजात तक्रार नव्हती. तेच तर तिला सोसेना. रागावून बोलले असते, तुझ्या प्रश्नांचा धसका घेतला होता मी म्हणाले असते, तर तिला उत्तर देता आलं असतं, रडता आलं असतं. ते असं सांगत होते की जणू घरात एक रीत आहे आणि ती त्यांनी पाळली. माणूस आपल्या पोटात दुखतंय हे सांगायला पुरावा गोळा करत बसला, वर्षभर, एकटा, शेजारच्या खोलीत. आणि ती पलीकडे दिवा लावून मुलांच्या निबंधांच्या समासात लिहीत होती, आधार द्या, आधार द्या. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. बाबांनी दचकून पोटावर हात ठेवला आणि ती बघतेय हे लक्षात आल्यावर काढून घेतला.

ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा त्यांच्या वर्गाला घडीवाले सर होते. हे नाव मुलांनी पाडलेलं. सर वर्गात आले की आधी प्रत्येकाला एक मोठा कोरा कागद उभा दुमडायला लावायचे. घडीच्या डावीकडे लेखक काय म्हणतो ते लिहायचं, थोडक्यात, त्याच्यावर अन्याय न करता. उजवीकडे आपले प्रश्न. डावी बाजू नीट भरल्याशिवाय उजवीकडे पेन टेकवायचं नाही, असा त्यांचा दंडक होता, पण तो कुणाच्याच लक्षात राहायचा नाही, कारण खरी मजा उजवीकडे होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्रातला एक अग्रलेख वाचायला दिला. वर्गाला तो पटला. छान आहे, मुद्देसूद आहे, भाषा ओघवती आहे, असं सगळे म्हणाले. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिसऱ्या परिच्छेदात हे गृहस्थ म्हणतात, 'सर्वांना ठाऊकच आहे'. तुम्हाला ठाऊक होतं? तुम्हाला? बरं, तुम्हाला?" कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्गात हशा पिकला. ती हसली नाही. तिच्या अंगावर काटा आला होता. छापलेल्या मजकुराला कुठेतरी शिवण असते, तिथे नख घातलं की तो उसवतो, हे तिला त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. पासपोर्ट फोटोंच्या पैशांवर फी भरणाऱ्या घरातली मुलगी ती. मोठी माणसं, मोठी पुस्तकं, जाड काचांचे चष्मे, यांच्यापुढे मान खाली घालायची, एवढंच तिला येत होतं. आणि इथे एक माणूस सांगत होता की मान वर कर आणि विचार, कशावरून. त्या दिवशी ती घरी चालत आली ती जमिनीपासून चार बोटं वरून. त्या आनंदाची तिला आजही लाज वाटत नव्हती. आजही तिला तो खराच वाटत होता, आणि टॅक्सीत बसल्या बसल्या तेच तिला फार अवघड जात होतं.

कारण मग ती घरीही विचारायला लागली. शिंगं फुटली होती म्हणायचं. आई म्हणाली की शेजारीण लबाड आहे, की हिचं आलंच, कशावरून? आई पोळपाटावरून नजरही न उचलता म्हणायची, "कशावरून म्हणजे? मी तुझी आई आहे, त्यावरून. जा, पाणी भर." आईपुढे तिची डाळ कधी शिजली नाही. आईने तिच्या शिक्षणाला डोक्यावर चढू दिलं नाही, आणि आई शेवटपर्यंत आपल्याला हवं ते, हवं तसं, ढीगभर बोलत राहिली. बाबांचं तसं नव्हतं. बाबांना कॉलेजबद्दल आदर होता. त्यांची शाळा लवकर सुटली होती. तिने कशावरून विचारलं की ते हातातलं काम थांबवायचे, खरंच विचार करायचे, आणि म्हणायचे, "अगं हो, खरंच की. तपासायला हवं." तेव्हा तिला वाटायचं, बाबा किती मोकळ्या मनाचे आहेत. मैत्रिणींना ती कौतुकाने सांगायची.

बाबांचा स्टुडिओ होता, घराच्या खालीच. एक स्टूल, मागे बागेचा रंगवलेला पडदा, दोन दिवे, आणि बाबांचं तोंड. तोंड सगळ्यांत महत्त्वाचं. स्टुलावर बसला की माणूस लाकडाचा होतो, बाबा म्हणायचे. फोटो काढायचा तर आधी त्याचं पुन्हा माणूस करायला लागतं. म्हणून ते बोलायचे. दिवा सरकवता सरकवता, पडदा ओढता ओढता, कुणाच्या कुणाच्या गोष्टी सांगायचे. एक भाऊ होता म्हणे, ज्याला बहिणीच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत शिंक आली. एक वकील होते, ज्यांनी फोटो चांगला आला तर पैसे देईन असं सांगितलं, आणि चांगला आला तेव्हा हा मी नव्हेच म्हणाले. गिऱ्हाईक ऐकता ऐकता विसरायचं की आपण फोटोला बसलोय, गालांतली ओढ जायची, खांदे उतरायचे, आणि तेवढ्यात खट. शाळेतून आली की ती पडद्यामागे बसून गृहपाठ करायची, आणि खट ऐकू आलं की तिला कळायचं, गोष्ट कुठवर आली ते. लोक गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायचे बाबांकडे. तुमच्या फोटोत आमची म्हातारी हसली, म्हणायचे, आमच्यापुढे कधी हसली नाही.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट पुलाची. ती ते हातचं राखून ठेवायचे, फारच ताठ माणूस आला तर. नदीवरचा मोठा पूल झाला, त्याच्या उद्घाटनाला बाबा गेले होते, लहानसं पोर असताना. पाहुणे आले, मोठे अधिकारी, मिशा, टोपी, कपाळाला आठ्या. फोटोग्राफरला उन्हाने भोवळ आली आणि त्याने पडता पडता कॅमेरा जवळ उभ्या असलेल्या पोराच्या, म्हणजे बाबांच्या, हातात दिला. फीत कापायची वेळ झाली तरी अधिकाऱ्यांच्या आठ्या जाईनात. तेव्हा बाबा म्हणाले, साहेब, फीत कशाला कापताय, आत्ताच एक बकरी तिच्याखालून पलीकडे गेली. आणि खरंच, पलीकडून गळ्यातली घंटी वाजवत बकरी परत येत होती. साहेब जे हसले ते टोपी पडेपर्यंत, आणि खट. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पहिल्या पानावर तो हसरा फोटो. तेव्हापासून, बाबा म्हणायचे, मी ठरवलं, आपण माणसांचे चेहरे सोडवायचे. ताठातला ताठ माणूसही इथे विरघळायचा.

दुसऱ्या सत्रात घडीवाल्या सरांनी मोठा निबंध लिहायला सांगितला. घरात ऐकलेलं काहीही घ्या, म्हणाले, एखादं मत, एखादी हकीकत, आणि ते लेखासारखं वाचा. तिने पूल घेतला. तिच्या निबंधाचं नाव होतं 'कौटुंबिक हकीकतींची विश्वासार्हता', आणि त्या नावाचा तिला फार अभिमान होता. ती ग्रंथालयात गेली, जुन्या वर्तमानपत्रांचे धुळकट गठ्ठे काढायला लावले, शिंकत शिंकत पानं उलटली. पुलाचं उद्घाटन सापडलं. तारीख बघितली तर बाबा तेव्हा पाळण्यात होते. पहिल्या पानावर फोटो होता खरा, पण रिकाम्या पुलाचा, आणि खाली वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरचं नाव. ना टोपी, ना मिशा, ना बकरी. तिला आठवत होतं की ते पान सापडल्यावर ती खुर्चीत मागे रेलली आणि हसली. तिने लिहून काढलं, दावा, आधार, आक्षेप, आक्षेपाला उत्तर, सगळं जागच्या जागी. निष्कर्षात लिहिलं की प्रेमळ माणसंही सहजपणे असत्य सांगतात आणि आपण ते प्रेमापोटी तपासत नाही.

वर्गात तो पहिला आला. सरांनी तिला वाचून दाखवायला लावला, आणि झाल्यावर मुलांनी बाकं वाजवली. सर खिडकीशी उभे होते. म्हणाले, "उत्तम. खरं की खोटं, ते तुम्ही चोख तपासलंत. पण एक प्रश्न मला उजवीकडे दिसला नाही. ही गोष्ट मुळात आली कुठून, आणि तुमचे वडील ती का सांगतात?" तिने मान हलवली. तिला वाटलं, काहीतरी उणं काढायचं म्हणून काढताहेत. पूर्ण मार्क द्यायला शिक्षकांच्या जिवावर येतं. पुढे ती स्वतः शिक्षिका झाली, कागद उभा दुमडायला लावू लागली, आणि हा निबंध, मजकूर कसा तपासावा याचा नमुना म्हणून, कित्येक वर्षं वर्गात सांगत राहिली, आपल्या वडिलांबद्दलचा आहे हे न सांगता. सरांचा तो प्रश्न मात्र तिने कुठल्याच वर्गात सांगितला नाही. का, ते तिला तेव्हा कळलं नव्हतं.

निबंध तिने बाबांना वाचून दाखवला, स्टुडिओतच, त्याच दिवशी. त्यांना दुखवावं असं तिच्या मनातही नव्हतं. पहिला नंबर आला होता आणि तो दाखवायला तिच्या आयुष्यात तेच पहिलं माणूस होतं. बाबा हात पुसत पुसत स्टुलावर बसले आणि शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदा त्यांनी विचारलं, "तारीख नक्की बघितलीस?" ती म्हणाली, "दोन पेपरांत बघितली." ते म्हणाले, "मग बरोबरच असणार." आणि संपल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "फार छान लिहिलंयस, चिमे. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही." आई जिन्यात उभी होती. आई काही बोलली नाही, आणि आई काही बोलत नाही म्हणजे काहीतरी झालंय, एवढंही तिला त्या दिवशी वाचता आलं नाही.

त्यानंतर पूल गेला, ते तर ठीकच. पण हळूहळू शिंकणारा भाऊ गेला, वकील गेले. बाबा एखादी गोष्ट सुरू करायचे आणि मधेच म्हणायचे, असं ऐकलंय, खरंखोटं माहीत नाही. 'खरंखोटं माहीत नाही' असं म्हटलं की गिऱ्हाईक पुन्हा लाकडाचं व्हायचं. पुढे पुढे ते नुसतं हनुवटी वर, डोळे इकडे, एवढंच सांगू लागले. दुकानाच्या काचेतले फोटो बदलत गेले. नवीन फोटोंतली माणसं पोलीस चौकीत बसवल्यासारखी दिसायची. तिला ते दिसत होतं. येता जाता रोज दिसत होतं. एकदा ती म्हणालीसुद्धा, बाबा, हल्ली लाइटिंगचं काहीतरी बिघडलंय का? आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हो, बिघडलंय खरं." मग मोबाइल आले, सगळ्यांचेच स्टुडिओ बसले, आणि बाबांचाही बसला तेव्हा कुणाला त्यात वेगळं काही शोधायची गरज पडली नाही. तिने तर त्यावर एक लेखही लिहिला होता, तंत्रज्ञान आणि छोटे व्यवसाय. चांगला छापून आला होता.

टॅक्सी घरापाशी थांबली. बाबांना जिना एका दमात चढवेना, म्हणून तिने खालच्या स्टुडिओचं कुलूप काढलं. आत दमट वास होता. पडद्यावरची बाग जागोजाग पोपडून गेली होती. बाबा स्टुलावर बसले, गिऱ्हाइकाच्या जागी, आणि हात मांडीवर ठेवले. तिला दिवा लावायचं सुचलं नाही. काचेतून येतो तेवढा उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता, आणि तो चेहरा ताठ होता, गालांत ओढ होती. आणि तिला एकदम कळलं की दुखतंय त्यांना, आत्ता, या क्षणाला, आणि ते तिला सांगणार नाहीत. तिला वाटलं, काही झालं तरी यांना बोलतं करायचं. आता उरलेल्या दिवसांत तेवढं एकच काम आहे.

"बाबा," ती म्हणाली, "पुलाची गोष्ट सांगा ना."

 बाबा घसा साफ करून म्हणाले, "पुलाचं उद्घाटन झालं तेव्हा मी वर्षभराचा असेन. त्यामुळे मी तिथे होतो असं म्हणता येत नाही. फोटो वर्तमानपत्राच्या माणसाने काढला होता. त्यात नुसता पूल आहे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बरोबर ना?"

"ती नाही हो. आपली. बकरीची."

"ती काय आता."

"मी सांगू?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता सांगू लागली. आधी जमेना. वाक्यं निबंधासारखीच यायला लागली, कधी, कुठे, कोण.  मग मिशा आल्या, आणि मिशांबरोबर टोपी, आणि मग तिला थांबावंसं वाटेना. भोवळ आलेला फोटोग्राफर तिने बाबांपेक्षाही लांबवला. अधिकाऱ्याच्या कपाळावर आणखी आठ्या घातल्या. पडद्यासमोर उभी राहून, पन्नाशीची बाई, ती खाली वाकून फितीखालून गेली आणि पलीकडून बकरी होऊन परत आली. बाबा हसले. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग पोट धरून हसले आणि दुखलं म्हणून कळवळले, आणि दुखलं तेव्हा हात तिथेच राहू दिला, काढून घेतला नाही. गाल सैल झाले होते. तिला वाटलं, आता विचारावं. इतक्या वर्षांनी, उजवीकडे लिहायचा राहिलेला प्रश्न.

"बाबा, ही गोष्ट तुम्हाला सांगितली कुणी? कुणाची होती?"

बाबांनी डोळे पुसले. "माझीच," ते म्हणाले.

"तसं नाही, म्हणजे मुळात..."

"माझीच गं. मी थापा नव्हतो मारत. मला आठवायचं ते सगळं. ऊन आठवायचं. कॅमेरा किती जड होता ते आठवायचं. बकरीच्या गळ्यातली घंटी ऐकू यायची मला, रात्री पडल्या पडल्यासुद्धा. आता ते कसं काय, ते मला विचारू नकोस, मी शिकलेला नाही." ते हळू बोलत होते, तिला समजावल्यासारखे. "मला खरंच वाटायचं, मी तिथे होतो. तू वाचून दाखवलंस तेव्हा कळलं, नव्हतो म्हणून."

ती पडद्यापासून त्यांच्याजवळ आली.

"आणि आता?" तिने विचारलं. "आता नाही आठवत?"

"आता तू लिहिलेलं आठवतं," बाबा म्हणाले. "बरं झालं म्हणा. नाहीतर जन्मभर उगाच समजूत करून घेऊन बसलो असतो." आणि त्यांनी उठण्यासाठी तिच्यापुढे हात केला.